आज्जीच्या हजार पौर्णिमा आणि साठ फोटो मॅग्नेट

आमच्या आज्जीचं सहस्रचंद्रदर्शन झालं मागच्या वर्षी. हजार पौर्णिमा म्हणजे हिशोब केला तर साधारण ८० वर्षं १० महिने होतात, आणि तेव्हा घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती जेवणाची नाही तर येणाऱ्यांना काय द्यायचं याची. काकू म्हणाली स्टीलचे डबे देऊया, दादा म्हणाला भडंगाची एकेक पुडी द्या लोकं खुश होतात, आणि मी म्हटलं मी फोटोचे मॅग्नेट करून देते, घरी, माझ्या हातानं, साठ नग. सगळे गप्प बसले कारण मी आधी एकपण केला नव्हता. पण झाले, वेळेत झाले आणि चांगले झाले, आणि तेव्हापासून एवढ्या जणींनी विचारलंय कसं केलंस कसं केलंस की आता सगळं एकदा लिहूनच काढते.

मॅग्नेटच का ते आधी सांगते. आमचं घर सांगलीत गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे म्हणजे बघा. आम्ही मिरजेला मावशीकडे गेलो होतो, परत आलो तर लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातले सगळे अल्बम चिखलात. आज्जीच्या लग्नातले, बाबांच्या मुंजीतले, आजोबा सायकल धरून उभे आहेत तो एक, सगळे. काही वाचले काही नाही. त्यानंतर उरलेल्या सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले आणि आम्हाला वाटलं झालं काम, आता सेफ आहे. पण आज्जीला मोबाईलमधला फोटो बघताच येत नाही हो. बोट लागलं की फोटो पुढं सरकतो, ती म्हणते थांब की जरा, तोवर स्क्रीन काळी. म्हणजे फोटो वाचले पण जिच्यासाठी वाचवले तिला दिसेनात. मॅग्नेट कुठं पुढं सरकत नाही, त्याला चार्जिंग लागत नाही, पाणी प्यायला उठलं की समोर.

एक नियम पहिल्यांदाच सांगते, बाकी काही विसरला तरी चालेल. ओरिजिनल जुना फोटो कापायचा नाही, चिकटवायचा नाही, त्याच्यावर कसलाही गम लावायचा नाही. कायम कॉपी काढायची आणि कॉपीवर काम करायचं. मॅग्नेट म्हणजे स्वयंपाकघरातली वस्तू, तिला वाफ लागणार, तेल उडणार, हळदीचा हात लागणार, एखाद्या दिवशी पोरगं ओढून फेकणार. ते सोसायला कॉपी आहे.

आता कामाला लागायच्या आधी एक गोष्ट तपासायची जी मी तपासली नव्हती आणि ऐनवेळी कळली. ज्यांना द्यायचंय त्यांच्या फ्रीजला मॅग्नेट चिकटतो का? आता बऱ्याच घरात काचेच्या दाराचे फ्रीज आलेत, फुलांची डिझाईन असलेले, त्या दाराला साधा मॅग्नेट चिकटत नाही. काही स्टेनलेस स्टीलच्या दारांनापण चिकटत नाही, कारण ३०४ वगैरे ग्रेडचं जे स्टील असतं त्यात क्रोमियमबरोबर निकेल असतं आणि त्यामुळं त्याची आतली रचनाच अशी होते की चुंबक धरत नाही, म्हणून तर घरातल्या बऱ्याच स्टीलच्या डब्यांना पण मॅग्नेट चिकटत नाही. पण घाबरू नका, काचेच्या दाराचा फ्रीज असला तरी त्याच्या दोन्ही बाजू बहुतेक वेळा रंग दिलेल्या लोखंडी पत्र्याच्याच असतात, तिथं मस्त बसतो. आणि फ्रीजच कशाला पाहिजे, लोखंडी कपाट बहुतेक घरात असतं. आज्जीचे सगळे आम्ही कपाटावरच लावलेत, तिच्या पलंगासमोर.

फोटो निवडण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवण्यासारखाच आहे. मॅग्नेटचा साईज मी २ इंच बाय २ इंच ठरवला (का ते खाली सांगते), आणि २ इंचात वीस माणसांचा ग्रुप फोटो टाकला तर प्रत्येकाचं तोंड तिळाएवढं होतं, कोण आहे कळतच नाही. एका मॅग्नेटवर एक किंवा दोन चेहरे, फार तर तीन. चेहरा जवळून घ्या, मागचं लॉन आणि स्टेज कापून टाका. आणि सगळे पोज दिलेले फोटो नकोत. आमच्यात सगळ्यात जास्त भाव खाल्ला तो आज्जी गच्चीवर पापड वाळत घालताना मागून काढलेल्या फोटोनं, त्यात तिचा चेहरा अर्धाच दिसतो पण बघताक्षणी सगळे म्हणतात आज्जी! हात पण चालतात, नुसते हात, भाकरी थापताना.

जुन्या प्रिंटवरून कॉपी काढायची तर स्कॅनर असेल तर उत्तम, झेरॉक्सच्या दुकानात पण स्कॅन करून देतात, त्यांना ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) करा म्हणून सांगा, कारण जुने फोटो छोटे असतात आणि त्यातला पण आपल्याला एक चेहराच पाहिजे असतो. स्कॅनर नसेल तर मोबाईल. फोटो प्लास्टिकच्या खिशातून निघत असेल तर काढून घ्या, खिडकीपाशी टेबलावर सपाट ठेवा, ऊन थेट पडायला नको, नुसता उजेड पाहिजे, फ्लॅश बंद, ट्यूबलाईट पण बंद कारण तिची पट्टी फोटोत चमकते. मोबाईल फोटोच्या बरोबर वर आडवा समांतर धरा, तिरका धरला की एक बाजू मोठी येते. लई जवळ जाऊ नका, थोडं लांबून काढा आणि नंतर क्रॉप करा, जवळून कडा वाकड्या येतात. ऐंशीच्या दशकातले ते खरबरीत कागदावरचे फोटो असतात ना, बोट फिरवलं की बारीक जाळी लागते, ते सगळ्यात त्रास देतात कारण प्रत्येक दाण्यावर उजेड चमकतो, त्यांना खिडकीपासून लांब नेऊन चारही बाजू फिरवून बघा, एका दिशेला चमक कमी होते.

आणि ज्यांचे फोटो पाण्यात भिजलेत त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते, आमच्या भागात हे परत लागू शकतं, २०२१ ला पण लागलंच की. ओले फोटो एकमेकांना चिकटलेले असताना तसेच वाळू देऊ नका. वाळले की वरचा थर एकमेकाला कायमचा धरतो आणि मग ओढला की चेहराच निघून येतो. स्वच्छ थंड पाण्यात बुडवायचे, सुटायला लागले की हळू वेगळे करायचे, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि चित्र वर करून सावलीत पसरायचे. एकदम खूप असतील आणि हात पुरत नसतील तर प्लास्टिक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, नंतर थोडे थोडे काढून करता येतात. हे आम्हाला उशिरा कळलं, आम्ही सगळे उन्हात टाकले होते. फ्रेमच्या काचेला चिकटून वाळलेला फोटो असेल तर तो ओढू नका, काचेवर तसाच ठेवून मोबाईलनं त्याचा फोटो काढा, कॉपी तर मिळते.

आता २ इंच का. स्टुडिओत सगळ्यात स्वस्त आणि पटकन मिळणारी प्रिंट म्हणजे ४ बाय ६ ची. तिच्यात २ बाय २ चे बरोबर ६ चौकोन बसतात, एक मिलिमीटर वाया जात नाही. आणि मॅग्नेटची शीट मिळते ए४ साईजची, तिच्यात २ बाय २ चे २० बसतात, चार आडवे पाच उभे. म्हणजे मला ६० पाहिजे होते तर १० प्रिंट आणि ३ शीट, एवढाच हिशोब. मी दोन प्रिंट आणि एक शीट जास्तीची घेतली, तुम्ही पण घ्या, पहिले चार-पाच बिघडतातच.

मोबाईलवर कोणतंही कोलाजचं ॲप घ्या, कॅनव्हासचा साईज १२०० बाय १८०० पिक्सेल टाका (म्हणजे ४ बाय ६ ला ३०० डीपीआय होतं), त्यात ६०० पिक्सेलचे सहा चौकोन, मधे गॅप शून्य, कडेला बॉर्डर शून्य. फक्त कुणाचं डोकं किंवा कुंकू चौकोनाच्या अगदी कडेला येईल असं ठेवू नका, दोन-तीन मिलिमीटर मोकळं सोडा, कटर थोडा इकडंतिकडं होतोच. आणि ब्राईटनेस थोडा वाढवा, हे कुणी सांगत नाही, स्क्रीन मागून उजेड देते म्हणून मोबाईलवर फोटो झगझगीत दिसतो, तोच कागदावर उतरला की काळपट वाटतो, जुन्या फोटोत तर फारच.

स्टुडिओत देताना पेन ड्राईव्हवर द्या, नाहीतर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आपोआप दाबून छोटा होतो आणि चेहरे मेणासारखे येतात. आणि त्यांना दोन वाक्यं आवर्जून सांगा, क्रॉप करू नका आणि पूर्ण ४ बाय ६ भरून काढा. नाहीतर कडेला पांढरी पट्टी येते आणि आपला सगळा २ इंचाचा हिशोब कोलमडतो. घरच्या इंकजेट प्रिंटरवर पण करता येतं पण बऱ्याच प्रिंटरची शाई पाण्याचा थेंब पडला की पसरते, म्हणून मी म्हणेन स्टुडिओच बरा. स्टुडिओची प्रिंट रंगाला पक्की, पण तिचापण वरचा थर ओला झाला की चिकट होतो, म्हणून पुढची पायरी चुकवायची नाही.

ती म्हणजे कोल्ड लॅमिनेशन. मशीनमध्ये गरम करून दोन बाजूंनी प्लास्टिक लावतात ते आयकार्डवालं नाही, हे नुसतं वरून पातळ पारदर्शक फिल्म चिकटवतात ते, फोटो स्टुडिओत किंवा स्टिकर, फ्लेक्स करणाऱ्यांकडे करून मिळतं. ग्लॉसी किंवा मॅट दोन्ही असतं. मी मॅट घेतलं कारण ट्यूबलाईट चमकत नाही आणि बोटाचे ठसे दिसत नाहीत, आज्जीच्या डोळ्याला पण तेच बरं पडतं. हे प्रिंट अख्खी असतानाच करून घ्यायचं, कापल्यावर नाही. आणि मॅग्नेट शीट चिकटवल्यावर तर गरम लॅमिनेशनच्या मशीनमध्ये चुकूनसुद्धा घालू नका.

मॅग्नेट शीट कुठं मिळते तर क्राफ्टचं सामान ठेवणारी स्टेशनरी किंवा ऑनलाईन. बघून घ्यायच्या दोन गोष्टी. एक, जाडी. ०.५ मिलिमीटरची पण येते आणि ०.७-०.८ ची पण. नुसता फोटो धरायला ०.५ चालते, पण लोकं त्याच्याखाली लाईट बिल आणि दुधाचा हिशोब अडकवणार हे धरून चाला आणि जाड घ्या. दोन, एका बाजूला गम लावलेली घ्या, मागं कागद असतो तो सोलला की चिकट. ही शीट म्हणजे काय तर फेराईटची (हा एक चुंबकी पदार्थ) बारीक पूड रबरात किंवा प्लास्टिकमध्ये मिसळून लाटलेली असते. फ्रीजचं दार ज्या रबरामुळं आपोआप बंद होतं ना त्या रबरी पट्टीच्या आत असतं ते पण ह्याच जातीचं. म्हणून काटकसरीत करायचं असेल तर फ्रीज दुरुस्तीवाल्याकडे बदलून काढलेलं जुनं दाराचं रबर मागा, त्यातली काळी चपटी पट्टी ओढून काढली की दोन-दोन तुकडे एका फोटोमागं लावता येतात. गॅसवाले, पिझ्झावाले जाहिरातीचे चपटे मॅग्नेट देतात ते पण साठवून ठेवा, त्याच्यावर आपला फोटो चिकटवला की झालं, मी प्रॅक्टिस त्याच्यावरच केली.

आता मुख्य काम. आधी चिकटवायचं आणि मग कापायचं. मी पहिल्यांदा उलटं केलं, फोटो वेगळे कापले, मॅग्नेटचे चौकोन वेगळे कापले आणि मग एकावर एक बसवायला गेले, तर प्रत्येकाची एक कड बाहेर. अख्खी प्रिंट शीटवर चिकटवा आणि दोन्ही एकदम कापा म्हणजे कडा आपोआप जुळतात.

फक्त एक अडचण आहे, ए४ शीटमध्ये अख्ख्या ४ बाय ६ च्या प्रिंट तीनच बसतात, दोन उभ्या शेजारी शेजारी आणि खाली एक आडवी. म्हणजे २० च्या जागी १८ च मॅग्नेट निघतात. मी काय केलं, प्रत्येक शीटवर तीन प्रिंट लावल्या, तीन शीटमध्ये ५४ झाले, आणि दहावी प्रिंट जास्तीच्या शीटवर, असे ६०. जास्तीची शीट अशी कामी आली. अगदी २० च पाहिजे असतील तर प्रिंट आधी दोन-दोन चौकोनांच्या पट्ट्यांत कापून बसवा, पण त्यात वाकडं जायची भीती जास्त.

चिकटवताना शीटचा कागद सगळा एकदम सोलू नका. एका कडेचा इंचभर सोला, प्रिंटची कड तिथं नीट जुळवा, दाबा, आणि मग डाव्या हातानं खालून कागद ओढत ओढत उजव्या हातानं कोरड्या मऊ फडक्यानं मधून बाहेर दाबत जायचं, मोबाईलला स्क्रीन गार्ड लावतात अगदी तसं. दोघं असली तर बरं, माझ्याबरोबर माझी दहा वर्षांची पोरगी होती आणि कागद ओढायचं काम तिनंच केलं सगळं. बुडबुडा राहिलाच तर शिवायच्या सुईनं कडेला एक टोचा मारा आणि दाबा, भोक दिसत नाही. वाकडी चिकटली तर ओढून काढायला जाऊ नका, फोटोचा कागद फाटतो, ती प्रिंट गेली समजा, जास्तीची वापरा.

मग दडपण. सगळ्या शीट सपाट ठेवून मधे मधे कोरा कागद घालून वर जड काहीतरी, मी आधी पुस्तकं ठेवली आणि मग त्यावर ज्वारीचा भरलेला डबा, रात्रभर. पावसाळ्यात करत असाल तर दोन रात्री ठेवा, दमट हवेत प्रिंटच्या कडा वर वळतात.

कापायला लोखंडी पट्टी आणि कटर, खाली जुना जाड पुठ्ठा. कटरचं पातं नवीन टाका. एका दमात जोर लावून कापायचं नाही, हलक्या हातानं तीन-चार वेळा त्याच रेघेवरून फिरवायचं, जोर लावला की पट्टी सरकते आणि बोट पण कापतं. कात्रीनं पण कापते ही शीट, पण लांब सरळ रेघ कात्रीनं येत नाही. लोखंडी पट्टी फोटोखालच्या मॅग्नेटला जरा धरते, त्याचा उलट फायदा होतो, हलत नाही. मग प्रत्येकाचे चार कोपरे गोल करायचे, एक रुपयाचं नाणं कोपऱ्यात ठेवून पेन्सिलनं रेघ मारायची आणि नखं कापायच्या छोट्या वाकड्या कात्रीनं कापायचं. हे कंटाळवाणं आहे, ६० नगांचे २४० कोपरे होतात, मी दोन संध्याकाळ बसले. पण करा. टोकदार कोपरा आधी उचलला जातो, तिथून फिल्म सुटायला लागते आणि पाणी आत जातं.

गमाबद्दल थोडं, कारण काही जणींकडे बिनगमाची शीट असेल. पांढरा लाकडाचा गम इथं उपयोगाचा नाही, त्यातलं पाणी बाहेर जायला जागाच नसते, खाली रबर आणि वर प्लास्टिक, त्यामुळं वाळत नाही आणि फोटोला सुरकुत्या पडतात. छोट्या ट्यूबमधला क्षणात चिकटणारा गम तर बिलकुल नको, त्याची वाफ उडून आजूबाजूला पांढरट धुकं बसतं. आजोबांच्या सायकलवाल्या फोटोची माझी पहिली कॉपी अशीच गेली, चेहऱ्यावरच धुकं आलं, मला रडूच आलं, कॉपी होती म्हणून वाचले. पातळ डबल साईड टेप बेस्ट, फोमची जाड टेप नको. नाहीतर चपलेला लावतात तो पिवळा रबरी गम, दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मग जोडायचं, पण खिडक्या उघडून करा, वास डोक्यात जातो.

लाकडी पाठीचे मॅग्नेट पण छान दिसतात, ३ मिलिमीटरच्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) चौकोनावर फोटो आणि मागं छोटं गोल चांदीसारखं चमकणारं मॅग्नेट, ते निओडिमियमचं असतं, एवढंसं असून लई ताकदीचं. ते दोन भाग मिसळून करायच्या इपॉक्सी गमानं चिकटवायचं आणि पूर्ण २४ तास हात लावायचा नाही. पण एक गोष्ट मी अगदी हात जोडून सांगते, घरात रांगतं किंवा तोंडात वस्तू घालणारं मूल असेल तिथं ही बटणासारखी मॅग्नेट देऊ नका. अशी दोन पोटात गेली तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यातून एकमेकांना ओढतात आणि मधली आतडी चिमटून भोक पडतं, ऑपरेशनच करावं लागतं. आमच्या कार्यक्रमाला येणाऱ्यात तीन लेकुरवाळ्या होत्या म्हणून मी सगळेच शीटचे केले. आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी कुठलंही मॅग्नेट छातीच्या खिशात ठेवू नये, किमान सहा इंच लांब. एटीएम कार्ड पण पाकिटात ह्याच्या शेजारी ठेवू नका, मागची काळी पट्टी खराब होऊ शकते.

पॅकिंगला मी काय केलं ते सांगते. मॅग्नेट एकमेकावर नुसते ठेवले तर चिकटतात आणि सोडवताना घासून ओरखडे येतात, मधे बटर पेपरचा तुकडा पाहिजेच. प्रत्येक घराला एक मॅग्नेट, जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवून, खाली हातानं नाव लिहून, आणि सोबत भडंगाची पुडी म्हणजे दादाचं पण मन राहिलं. पुण्याच्या काकांचा काचेचा फ्रीज आणि भिंतीत बसवलेली लाकडी कपाटं, चिकटवायचं कुठं, त्यांच्यासाठी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण धुवून पुसून त्याच्यावर सहा मॅग्नेट लावून दिले. पत्र्याच्या डब्याला चिकटतंच. ते झाकण त्यांनी आता देवघराशेजारी उभं करून ठेवलंय, फ्रेमसारखं.

आता शेवटची पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. फोटोच पाहिजे असं काही नाही. आज्जीच्या जुन्या वहीत तिच्या अक्षरातली कांदा लसूण मसाल्याची यादी होती, संकेश्वरी मिरची किती, ब्याडगी किती, धने, खोबरं, तीळ, कुठलं तेलात तळायचं कुठलं कोरडं भाजायचं, आणि कडेला बारीक अक्षरात "डंकावर नेण्याआधी ऊन दाखवणे". ती वही पण पुरात अर्धी भिजली होती, शाई फुटलीये, एका कोपऱ्यात चिखलाची रेघ आहे. मी ते पान तसंच्या तसं स्कॅन केलं, चिखलाची रेघ पण काढली नाही, आणि ४ बाय ६ चा अख्खा मॅग्नेट केला, घरातल्या सुनांना आणि लेकींना प्रत्येकी एक. अक्षराचं स्कॅन करताना फोटोसारखं उजळवू नका, शाई फिकी पडते, त्याला कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा. आणि साईज मोठाच ठेवा, उभं राहून दोन हात लांबून वाचता आलं पाहिजे कारण तेव्हा हात मसाल्याचे असतात.

मिरजेच्या आत्यानं तो फ्रीजच्या बाजूला लावलाय. एप्रिलमध्ये तिनं मसाला केला तेव्हा त्याच्यावर हळदीचं बोट उठलं, प्लास्टिकवर हळद बसली की लवकर जात नाही, पुसून पुसून फिकं झालं पण राहिलंय. मी म्हटलं आत्या नवीन आणून देते, फाईल आहे माझ्याकडं. तर म्हणाली हा असू दे, नवीन केलास तर पूजाला दे, तिचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. शीटचा एक तुकडा उरलाय माझ्याकडं, मोजून बघितला, ४ बाय ६ बसतोय.